घंटी वाजते, आवाज येत नाही : प्रयोगशाळेतील इंटरनेट दूरध्वनीविषयी वाचकांचे प्रश्न

नवे सत्र सुरू झाले की गोव्यातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून या सदराकडे नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिकांविषयी पत्रे येतात. यंदा त्यांतील बहुतेक पत्रे इंटरनेटवरील दूरध्वनीविषयी, म्हणजे ज्याला अभ्यासक्रमात व्हॉइप म्हटले जाते त्याविषयी आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली असून पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत वीस संगणक, एक मॅनेज्ड स्विच आणि एक जुना सर्व्हर आहे. व्हॉइपचे प्रात्यक्षिक घ्यायचे आहे, पण आयपी फोनांसाठी तरतूद नाही. विक्रेत्याचे दरपत्रक पाहून प्रस्ताव वरूनच परत आला. फोन न घेता हा विषय मुलांना नीट शिकवता येईल का?
— अधिव्याख्याती, डिचोली तालुका

उत्तर : येईल. किंबहुना पहिल्या वर्षी आयपी फोन नसणे ही मला अडचण वाटत नाही, सोयच वाटते. तयार फोन आपली नोंदणी, पत्ता आणि कोडेकची, म्हणजे आवाज अंकांत बदलण्याच्या पद्धतीची, निवड आतल्या आत उरकून घेतो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त घंटी ऐकणे उरते. संगणकावरील सॉफ्टफोन, म्हणजे फोनाचे काम करणारा कार्यक्रम, वापरला, तर त्याच संगणकावर वायरशार्क हा जाळ्यावरील वाहतूक टिपणारा कार्यक्रम चालू ठेवून प्रत्येक पॅकेट उघडून पाहता येते. विंडोजसाठी मायक्रोसिप आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड या सर्वांसाठी लिनफोन हे सॉफ्टफोन मोफत मिळतात. खर्च करायचाच असेल, तर तो मायक्रोफोन असलेल्या साध्या हेडफोनांवर करावा, कारण एका खोलीत वीस स्पीकर चालू राहिले तर प्रतिध्वनी आणि शिट्ट्या यांपलीकडे कोणाला काही ऐकू येणार नाही.

सर्व्हरसाठी अॅस्टेरिस्क ही कॉल जोडणारी मुक्त प्रणाली पुरेशी आहे. मार्क स्पेन्सर यांनी ती १९९९ मध्ये लिहिली, त्यांच्या डिजियम कंपनीने ती वाढवली आणि २०१८ मध्ये सँगोमा कंपनीने डिजियम विकत घेतल्यापासून तिची देखभाल सँगोमाकडे आहे. वीस सॉफ्टफोनांचे ओझे आपल्या जुन्या सर्व्हरला जाणवणारही नाही. मात्र सुरुवातीलाच एक सावधगिरी घ्यावी. जुन्या प्रयोगवह्यांत आणि शिकवण्यांत ‘सिप डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये फोनांची नोंद करायला सांगितलेले असते. ती फाइल ज्या जुन्या ड्रायव्हरची होती, तो आवृत्ती १७ पासून कालबाह्य ठरवला गेला आणि २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती २१ मधून काढूनच टाकण्यात आला. आता ‘पीजेसिप डॉट कॉन्फ’ वापरायची. दरवर्षी वहीतील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्या वर्गात, फोन नोंदणीच करत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा एवढेच असते.

नव्या फाइलमध्ये सर्व्हरने कोणत्या पोर्टवर ऐकायचे हे सांगणारा ट्रान्सपोर्ट विभाग एकदाच लिहायचा आणि मग प्रत्येक फोनासाठी तीन विभाग लिहायचे : फोनाचे वर्तन ठरवणारा एंडपॉइंट, परवलीचा शब्द सांभाळणारा ऑथ आणि फोन सध्या कोणत्या पत्त्यावर आहे हे लक्षात ठेवणारा एओआर. शेवटच्या विभागात ‘मॅक्स कॉन्टॅक्ट्स’ची किंमत किमान १ लिहायला विसरू नये, कारण ती न लिहिल्यास शून्य धरली जाते आणि परवलीचा शब्द अचूक असूनही सर्व्हर नोंदणी नाकारतो. ट्रान्सपोर्ट विभागातील बदल नेहमीच्या रीलोडने लागू होत नाहीत. त्यासाठी अॅस्टेरिस्क बंद करून पुन्हा चालू करावे लागते. हे सारे वेब-पडद्यावरून भरून घेणारी फ्रीपीबीएक्स प्रणाली सोयीची आहे, पण शिकण्याच्या प्रयोगशाळेत मी ती पहिल्या दिवशी देणार नाही, कारण तिच्यामागे जे घडते तेच तर मुलांनी पाहायचे आहे.

कोणता क्रमांक फिरवल्यावर काय व्हावे हे ‘एक्स्टेन्शन्स डॉट कॉन्फ’मध्ये लिहितात. क्रमांक चार अंकी ठेवावेत, समजा ६००१ ते ६०२०, म्हणजे एकाच नमुन्याच्या ओळीत सर्वांची सोय होते. येथे ‘कॉन्टेक्स्ट’चे, म्हणजे त्या फोनाला लागू असलेल्या नियमांच्या गटाचे, नाव दोन्ही फाइलींत तंतोतंत जुळले पाहिजे, ते जुळले नाही, तर फोनाची नोंदणी व्यवस्थित होते आणि कॉल लावताच ४०४ असे उत्तर येते, त्यामुळे विद्यार्थी भलत्याच फाइलमध्ये चूक शोधत बसतात. पहिला कॉल मात्र एका फोनावरून दुसऱ्या फोनावर लावायला सांगू नये. अॅस्टेरिस्कमधील ‘इको’ हे ॲप्लिकेशन एखाद्या क्रमांकाला, समजा ६१०० ला, जोडून द्यावे. तो क्रमांक फिरवल्यावर आपलाच आवाज परत ऐकू आला, तर मायक्रोफोन, हेडफोन, कोडेक आणि सर्व्हरपर्यंतचा जाण्यायेण्याचा मार्ग, हे सारे एका फटक्यात तपासले जाते, आणि पुढे दोन फोनांत काही बिघडले तर शोध कोठून सुरू करायचा हे निश्चित होते.

यानंतरचा निम्मा वेळ वायरशार्कला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॉल जुळवण्याची बोलणी सिप या नियमावलीने होतात. तिचे आजचे रूप २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये आहे आणि तिची नेहमीची जागा पोर्ट ५०६० ही आहे. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या वेगळ्या नियमावलीने, वेगळ्या पोर्टांवरून आणि पुष्कळदा वेगळ्या वाटेनेही जातो. ही एक गोष्ट विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्की बसली, की या विषयातील निम्म्याहून अधिक बिघाड तो स्वतः शोधू शकतो. सिपच्या पॅकेटांत प्रथम नोंदणीची विनंती, तिला ४०१ हे उत्तर आणि मग पुन्हा तीच विनंती दिसते. हे ४०१ पाहून मुले घाबरतात, परंतु तो बिघाड नसून सर्व्हरने मागितलेली ओळख आहे, आणि दुसऱ्या विनंतीत ती ओळख दिल्यावर २०० येते. कॉल लावताना, ओळख पटल्यावर, इन्व्हाइट, मग १०० ट्रायिंग, १८० रिंगिंग, समोरच्याने उचलल्यावर २०० ओके आणि शेवटी एसीके हा क्रम दिसतो. इन्व्हाइटच्या पोटात एसडीपी नावाचा मजकूर असतो आणि त्यातील ‘सी’ व ‘एम’ या ओळी प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात : पहिलीत आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते असते आणि दुसरीत कोणत्या पोर्टवर व कोणत्या कोडेकने. तेथे ८ हा आकडा असेल तर भारतात आणि युरोपात रूढ असलेला ए-लॉ, आणि ० असेल तर अमेरिकेतील म्यू-लॉ.

एवढे दाखवताना दोन ठिकाणी वर्ग अडतो. सर्व्हरवर पॅकेट पकडत असाल, तर कॉल जुळल्यानंतर आरटीपी क्षणभर दिसून नाहीसे होते, कारण दोन्ही फोनांचे कोडेक जुळत असल्यास अॅस्टेरिस्क आवाज थेट एका फोनाकडून दुसऱ्याकडे वळवून स्वतः बाजूला होतो. ‘डायरेक्ट मीडिया’ला ‘नो’ लिहिले की आवाज सर्व्हरवरूनच जातो. तिसऱ्या संगणकावर बसून इतर दोघांचा कॉल पाहायचा असेल, तर स्विच ती पॅकेटे तिकडे पाठवतच नाही, म्हणून आपल्या मॅनेज्ड स्विचवर पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टवरील वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणे, करावे लागेल. हा प्रयोग करताना आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येईल, ती म्हणजे वायरशार्कच्या टेलिफोनी यादीतून कोणाचेही संभाषण आवाजासह वाजवून ऐकता येते. ती त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नाही; मिररिंग शिक्षकांनीच चालू करावे, ज्यांचा कॉल पकडायचा त्यांना आधी सांगावे आणि लगेच पुढच्या तासाला टीएलएस व एसआरटीपी हे सिपचे व आवाजाचे कूटलेखन चालू करून तेच संभाषण पुन्हा पकडायला लावावे.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून लॅबमधील लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये अॅस्टेरिस्क बसवला. संगणकांवरून कॉल लागतात. मोबाइल मात्र वेगळ्या वायफाय राउटरवर आहेत; मोबाइलवर बोललेले संगणकावर ऐकू येते, पण संगणकावर बोललेले मोबाइलवर ऐकू येत नाही. शिवाय मोबाइलवरून कॉल जातो, मोबाइलवर येत नाही. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहिला, तरी तसेच.
— तृतीय वर्षाचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : प्रथम फायरवॉल पुन्हा चालू करा आणि सिपसाठी ५०६० व आवाजासाठी अॅस्टेरिस्कच्या आरटीपी फाइलमध्ये दिलेली यूडीपी पोर्टे, साधारणतः १०००० ते २००००, तेवढीच मोकळी ठेवा. आवाजाची पोर्टे मोकळी ठेवायची राहिली की घंटी वाजते आणि मग दोन्ही बाजूंना शांतता पसरते. तुमच्याकडे शांतता एकाच बाजूला आहे, म्हणून कारण बहुधा दुसरे आहे.

तुमच्या वर्णनावरून वायफाय राउटरची वॅन, म्हणजे बाहेरच्या जाळ्याची, बाजू लॅबच्या स्विचला जोडलेली दिसते. असे केले की तो राउटर आपल्या आत वेगळे जाळे तयार करतो. समजा लॅबचे पत्ते १९२.१६८.१०.० या जाळ्यातील आहेत आणि मोबाइलला राउटरने १९२.१६८.०.५ हा पत्ता दिला आहे. मोबाइलकडून निघालेले पॅकेट बाहेर पडताना राउटर त्याच्यावरील पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तेथे स्वतःचा पत्ता घालतो. यालाच नॅट म्हणतात. परंतु आवाज कोठे पाठवायचा हा पत्ता एसडीपीच्या मजकुरात, म्हणजे पाकिटावर नसून आतल्या चिठ्ठीत लिहिलेला असतो आणि राउटर चिठ्ठी उघडत नाही. सर्व्हर चिठ्ठीवर विश्वास ठेवून १९२.१६८.०.५ कडे आवाज पाठवतो, त्या पत्त्याची वाट त्याला ठाऊक नसते आणि आवाज हरवतो. उलट दिशेला मोबाइलला सर्व्हरचा खरा पत्ता माहीत असल्याने त्याचा आवाज बिनबोभाट पोहोचतो. कॉल न येण्याचे कारणही तेच आहे : नोंदणीच्या वेळी मोबाइलने आपला ठावठिकाणा म्हणून आतलाच पत्ता दिलेला असतो.

यावर अॅस्टेरिस्कमध्ये उपाय आहेत. त्या फोनाच्या एंडपॉइंटमध्ये ‘आरटीपी सिमेट्रिक’ आणि ‘रीराइट कॉन्टॅक्ट’ या दोन्हींना ‘येस’ आणि ‘डायरेक्ट मीडिया’ला ‘नो’ लिहिले, की सर्व्हर चिठ्ठीतील पत्ता सोडून पॅकेट प्रत्यक्ष जेथून आले तिकडेच उत्तर पाठवतो. पहिल्या दोन ओळी लिहून तिसरी गाळली, तर आरंभी दोघांनाही ऐकू येऊन क्षणार्धात एका बाजूचा आवाज जाऊ शकतो. असे झाले, तर डायरेक्ट मीडियाकडेच संशयाने पाहावे. तरीही लॅबपुरते बोलायचे, तर मी हा उपाय आधी सुचवणार नाही. राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, त्याला लॅबच्या जाळ्यातील एक मोकळा पत्ता द्या, केबल वॅनमधून काढून लॅनच्या छिद्रात लावा, आणि तो निव्वळ वायफाय ॲक्सेस पॉइंट होईल. मोबाइल आणि संगणक एकाच जाळ्यात आले की नॅटचा प्रश्नच उरत नाही. नॅट ओलांडण्याच्या युक्त्या, त्यांत स्टन, टर्न आणि आइस हेही आले, हा स्वतंत्र प्रयोगाचा विषय आहे. साधा कॉल चालू करताना तो अंगावर घेऊ नये. नॅटचा प्रयोग कराल तेव्हा राउटरमधील ‘सिप एएलजी’ ही सोयही तपासा. ती आतल्या चिठ्ठीतील पत्ता सुधारण्यासाठी असते, पण अनेक स्वस्त राउटरांत ती मजकूर अर्धवट बदलून ठेवते, म्हणून बंद ठेवलेली बरी.

व्हर्च्युअलबॉक्सविषयी एक सूचना. तेथे नेटवर्कचा प्रकार मुळात नॅट असतो आणि आतल्या यंत्राला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. तुमचे संगणकांवरील कॉल चालतात, त्यावरून तुम्ही ‘ब्रिज्ड’ प्रकार निवडलेला दिसतो. तुमच्या मित्राच्या लॅपटॉपवर एसडीपीमध्ये १०.०.२.१५ दिसला, तर पुढे काही शोधू नका, आधी तो प्रकार बदला.

प्रश्न : पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या आभासी जाळ्याच्या कार्यक्रमात ७९६० फोन आणि राउटर जोडून सर्व आज्ञा दिल्या, तरी फोनावर क्रमांक उमटत नाही. वर्गात निम्म्या मुलांचे चालते, निम्म्यांचे नाही. याच प्रयोगावर व्हॉइप उरकले तर चालेल का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, केपे तालुका

उत्तर : सर्वांत आधी फोनाच्या ‘फिजिकल’ पानावर जाऊन त्याला वीज मिळते आहे का ते पाहावे, वीजजोडणीचा अडॅप्टर ओढून फोनाला लावावा लागतो आणि निम्म्या वर्गाचा फोन तेवढ्यासाठीच बंद असतो. त्यानंतर राउटर २८११ आहे का ते बघावे, कारण टेलिफोनीच्या आज्ञा सर्वच राउटर स्वीकारत नाहीत. डीएचसीपीच्या पूलमध्ये ऑप्शन १५० ला राउटरचा पत्ता, स्विचच्या पोर्टावर व्हॉइस व्हीलॅन (आवाजासाठी वेगळे काढलेले आभासी जाळे), टेलिफोनी सर्व्हिसमध्ये तोच पत्ता आणि पोर्ट २०००, फोनांची व क्रमांकांची कमाल संख्या, आणि प्रत्येक ई-फोन-डीएनला, म्हणजे फोनाच्या लाइनीच्या नोंदीला, क्रमांक, या क्रमाने तपासत गेल्यास चूक सापडतेच. कमाल संख्या लिहायची राहिली तर ती शून्य असते, हे विशेष लक्षात ठेवावे.

हा प्रयोग व्हीलॅन आणि डीएचसीपी शिकवायला उत्तम आहे. व्हॉइप मात्र त्यावर उरकू नये. तेथील फोन सिस्कोच्या स्किनी नियमावलीने बोलतात, सिपने नव्हे. शिवाय आवाज तुटणे, उशिरा पोहोचणे, एका बाजूने जाणे, यांतील काहीच तेथे कानाने अनुभवता येत नाही.

प्रश्न : एका कॉलला किती बँडविड्थ लागते, याचे उत्तर कोणी ६४ किलोबिट देते, कोणी ८०, कोणी ८७. तोंडी परीक्षेत कोणते बरोबर धरावे? आणि क्यूओएस, म्हणजे आवाजाला प्राधान्य, लावूनही लॅबमध्ये काहीच फरक का दिसत नाही?
— सहायक प्राध्यापक, सासष्टी तालुका

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, विद्यार्थी कोणत्या थरावर मोजतो आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे. जी.७११ (ए-लॉ किंवा म्यू-लॉ) या कोडेकमध्ये सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट. हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवला, तर सेकंदाला ५० पॅकेटे होतात आणि प्रत्येकात १६० बाइट आवाज असतो. त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट चढतात, म्हणून आयपी थरावर ८० किलोबिट. इथर्नेटचे १८ बाइट धरले की ८७.२ किलोबिट. हे सारे एका दिशेचे झाले. जी.७२९ मध्ये आवाज फक्त ८ किलोबिटांचा असतो, पण वरचे ओझे तेवढेच राहते, त्यामुळे इथर्नेटवर तो ३१.२ किलोबिट घेतो. आवाज आठपट आकसला, तरी वाहतूक तिपटीहूनही कमीच आकसते. तोंडी परीक्षेत मी हाच प्रश्न विचारेन.

क्यूओएसचा फरक दिसत नाही, कारण रस्ता रिकामा आहे. गिगाबिट स्विचवर दहा कॉलांची वाहतूक एक टक्काही भरत नाही. रांगच नसेल, तर रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हा प्रश्न उद्भवत नाही. दोन व्हीलॅनांच्या मध्ये लिनक्सचा संगणक राउटर म्हणून ठेवावा आणि ‘टीसी’ या आज्ञेने वेग ५१२ किलोबिटांवर आणावा. जी.७११ चे पाच कॉल चांगले चालतील. सहावा लावताच फक्त सहावा खराब होईल, अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात सहाही कॉल तुटू लागतात, कारण कोणते पॅकेट टाकायचे हे ठरवताना रांग कॉल ओळखत नाही. मग कॉल चार करावेत, त्याच वाटेवरून एक मोठी फाइल उतरवायला लावावी, आवाज बिघडला की आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६, म्हणजे ईएफ, ही खूण लावून त्यांना प्राधान्याच्या रांगेत घ्यावे, आणि फरक कानाने ऐकू द्यावा. मात्र सहा कॉलांच्या गर्दीवर हा उपाय चालणार नाही, कारण तेथे सगळेच प्राधान्याचे आहेत; तेथे कॉलांची संख्याच रोखावी लागते.

त्याच टीसीमधील ‘नेटएम’ने विलंब आणि गळती मुद्दाम घालता येते. आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या, जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल, तर बहुतेक संभाषणांना तो जाणवत नाही. मुलांना तो आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा दोघांना एकमेकांशी घाईघाईने पाढे म्हणायला लावावे आणि विलंब १०० वरून ४०० पर्यंत वाढवत न्यावा. दोघे एकमेकांचे बोलणे केव्हा तोडू लागतात, ते वर्गालाच दिसेल. आवाजाला १ ते ५ गुण देण्याची पद्धत आयटीयूच्या पी.८०० मध्ये आहे. गुणदानासाठी इंग्रजी वाक्ये शोधत बसू नये. साल आणि शाल, सर आणि शर अशा जोड्या वाचायला द्याव्यात. पारंपरिक दूरध्वनीचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झपुरताच असतो आणि ‘स’चा पुष्कळसा जोर त्याच्या वर असतो, त्यामुळे गळती शून्य असतानाही जी.७११ वर या जोड्यांत घोटाळे होतात. तेच शब्द जी.७२२ वर ऐकवले, की ७००० हर्ट्झपर्यंतच्या आवाजाने काय साधते ते कळते, आणि बँडविड्थ तीच ६४ किलोबिट राहते.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मराठी आणि कोंकणी सूचना देणारी आयव्हीआर, म्हणजे कळ दाबून चालणारी ध्वनिमुद्रित उत्तरयंत्रणा, करत आहे, वाचनालयाच्या सभासदाने क्रमांक दाबला की त्याच्याकडील पुस्तके आणि थकलेली रक्कम सांगायची. रेकॉर्ड केलेल्या फाइली मोबाइलवर वाजतात, अॅस्टेरिस्कवर वाजत नाहीत.
— विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : मोबाइलवरील रेकॉर्डिंग बहुधा ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झचे असते. अॅस्टेरिस्कला साधी वेव्ह फाइल ८००० हर्ट्झ, एक चॅनेल आणि १६ बिट अशीच लागते; ऑडॅसिटीत किंवा ‘सॉक्स’ने तशी करून घ्यावी आणि आज्ञेत फाइलचे नाव शेपटीशिवाय लिहावे.

खरा वेळ आकड्यांना लागेल. इंग्रजीत वीस, तीस अशा दशकांपुढे एक ते नऊ जोडून शंभरपर्यंत जाता येते, म्हणून थोड्या फाइलींत भागते. मराठीत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, एकोणसाठ ही सारी स्वतंत्र रूपे आहेत, तेव्हा शून्य ते नव्याण्णव अशा शंभर फाइली रेकॉर्ड करणे भाग आहे. त्यापुढे ‘शे’, ‘हजार’ आणि सुटे ‘शंभर’ वेगळे लागते, कारण शंभर रुपये आणि एकशे पाच रुपये यांत पहिला शब्द एक नाही. कोंकणीसाठी हीच यादी पुन्हा करावी लागेल. सभासद क्रमांक मात्र अंक सुटे करून सांगावा, त्यासाठी दहा फाइली पुरतात. सर्व रेकॉर्डिंग एकाच आवाजात, एकाच बैठकीत आणि पंखा बंद करून करावे. दाबलेली कळ सर्व्हरला उमजत नसेल, तर सॉफ्टफोनात डीटीएमएफचा, म्हणजे कळांचे संकेत पाठवण्याचा, प्रकार आरएफसी ४७३३, किंवा त्याचे जुने नाव २८३३, असा आहे का ते पाहावे.

प्रश्न : प्रयोगशाळेतील हा सर्व्हर वसतिगृहाला आणि बाहेरच्या लँडलाइनला जोडला, तर पालकांना मुलांशी फुकट बोलता येईल. हे कायद्यात बसते का?
— संस्थेचे विश्वस्त, सत्तरी तालुका

उत्तर : वसतिगृह आपल्याच आवारात आणि आपल्याच अंतर्गत जाळ्यावर असेल, तर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर बोलण्यात अडचण नाही. भारतात इंटरनेटवरील दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, पण इंटरनेटचा कॉल देशातील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यात उतरवणे हे परवानाधारक कंपन्यांचे काम आहे. सिमकार्ड घातलेला गेटवे लावून बाहेरचे कॉल आत आणणे हा तर सरळ गुन्ह्याचा मार्ग आहे. विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून सुचवला, तरी परवानगी देऊ नये. लँडलाइन हवीच असेल, तर परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंक, म्हणजे बाहेरच्या दूरध्वनी जाळ्याला जाणारी जोडणी, रीतसर घ्यावी आणि ती प्रयोगशाळेच्या सर्व्हरला न जोडता कार्यालयाच्या वेगळ्या यंत्रणेला जोडावी. प्रयोगाचा सर्व्हर कोणीतरी दर आठवड्याला मोडणारच, आणि तो मोडता आला पाहिजे.

त्याच कारणाने हा सर्व्हर राउटरवर पोर्ट उघडून इंटरनेटवर ठेवू नये. उघड्या सिप सर्व्हरांचा शोध घेणारे कार्यक्रम इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि ६००१ या फोनाचा परवलीचा शब्दही ६००१ ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. ट्रंक जोडलेली असली, तर परदेशी कॉलांचे देयक संस्थेच्या नावे येते. आणखी एक पाटी भिंतीवर लावावी : या फोनांवरून ११२ किंवा १०८ लागत नाही.

प्रश्न : नव्या इमारतीतील लॅब जुन्या इमारतीपासून सुमारे १४० मीटरवर आहे. मध्ये कॅट-६ केबल टाकून दोन्हीकडचे फोन जोडता येतील का? गेल्या पावसाळ्यात जुन्या लॅबमधील स्विच विजेमुळे गेला होता.
— प्रयोगशाळा प्रमुख, पेडणे तालुका

उत्तर : तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणून १४० मीटरला ती नियमानेच बाद ठरते, परंतु अंतर ६० मीटर असते, तरी दोन इमारतींमध्ये मी तांबे टाकू दिले नसते. आपल्याकडे मे महिन्यात आणि पाऊस परतताना विजा कडाडतात. त्या वेळी दोन इमारतींच्या अर्थिंगमधील दाबाचा फरक त्या केबलवाटे स्विचमध्ये शिरतो. फायबर टाकावे, तेही धातूची तार अथवा चिलखत नसलेले, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विचमध्येच एसएफपी हे फायबर जोडण्याचे मॉड्यूल लावावे. फोन पुढेमागे घेणार असाल, तर नव्या इमारतीतील स्विच पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा, घ्यावा. ८०२.३एएफ प्रमाणानुसार तो प्रत्येक पोर्टाला १५.४ वॉट देतो आणि केबलमधील घट वजा जाता फोनापर्यंत १२.९५ वॉट पोहोचतात, जे साध्या आयपी फोनाला पुरून उरतात. त्या स्विचला यूपीएस जोडला, की खोलीतील वीज गेली तरी फोन चालू राहतात. मात्र मीडिया कन्व्हर्टर आणि अॅस्टेरिस्कचा सर्व्हरही यूपीएसवर आहेत ना, तेवढे पाहून घ्यावे.